ट्रंकेच्या तळाची फारखत

निफाड तालुक्यातली तीन एकर वीस गुंठे जमीन. काळी, विहिरीखालची, अर्ध्या भागात द्राक्षबाग. लागोपाठ दोन वर्षे मण्यात पाणी उतरायच्या वेळीच अवकाळीने बाग झोडपली. सोसायटीचे आणि औषधवाल्याचे देणे थकले आणि रस्त्याकडेचा एक एकर विकून मोकळे व्हायचे घरात ठरले. गिऱ्हाईक गावातलेच, इसार देऊन बसलेले. साठेखताचा मसुदाही झाला होता. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासून दिलेला अहवाल, आला. त्यात म्हटले होते की ही जमीन विकणाऱ्यांच्या मालकीची दिसत नाही. फार तर ते तिचे कूळ असतील, आणि तसे असेल तर परवानगीशिवाय ती विकता येणार नाही.

प्रकरण माझ्याकडे आले ते त्यानंतर. मी नाशिकला जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि माझे बहुतेक काम जमिनीचे असते. घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. नावे, गाव आणि गट नंबर मात्र गाळले आहेत. या प्रकरणात कोणी कोणाला फसवले नव्हते आणि एकही कागद गहाळ झाला नव्हता. तरी तीन पिढ्यांचा जीव टांगणीला लागला, तो चार-पाच शब्दांमुळे. ते शब्द लिहिणाऱ्याने एका अर्थाने लिहिले आणि वाचणाऱ्यांनी दुसऱ्याच अर्थाने वाचले.

पिशवीतले कागद

पहिल्या दिवशी सीबीएसजवळच्या माझ्या ऑफिसात तिघे आले. ऐंशीच्या घरातले तात्या, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाच्या हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिच्यातून निघालेले कागद मी टेबलावर तारखेने लावले.

सर्वांत जुना म्हणजे तात्यांच्या आजोबांनी एका सावकाराला लिहून दिलेली मुदत खरेदी, म्हणजे ठरल्या मुदतीत रुपये परत केले तर जमीन परत, अशा अटीची खरेदी. मार्गशीर्ष, शके १८५७. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे हा डिसेंबर १९३५. रक्कम ९९ रुपये, मुदत पाच वर्षे. शेवटी ‘निशाणी नांगराची’. लिहिता न येणारा कुणबी सही म्हणून नांगर काढायचा. इथे बकलम करणाऱ्याने तो दोन रेघांत काढला आहे आणि खाली अंगठा उमटवून घेतला आहे. ‘बकलम’ म्हणजे अमक्याच्या कलमाने, ज्याने कागद लिहिला त्याचे नाव. सावकाराच्या सहीपुढे ‘द. खु.’ असते, म्हणजे दस्तुर खुद्द, स्वतःच्या हातची.

दुसरा कागद त्याच दिवशीची कबुलायत. जमीन आजोबांनीच कसायची आणि सावकाराला दरसाल १२ रुपये खंड, म्हणजे जमीन कसण्याचे भाडे, द्यायचा. आजोबा १९३८ मध्ये वारले, तेव्हा दोन्ही मुले लहान. मग १९३९ मध्ये आजीने तशीच कबुलायत पुन्हा लिहून दिली. तिच्यावर नांगर नाही, ‘निशाणी बांगडीची’ आहे. कागदावर एक लहानसे वर्तुळ, शाईने थोडे फुगलेले.

त्यानंतर शेतसारा भरल्याच्या पावत्या, जुने फेरफार आणि पन्नास सालच्या सुमाराचे सात-बारा. सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सावकाराचे नाव आणि पुढे ‘मुदत खरेदी रु. ९९’. ही ओळ आजच्या संगणकीकृत उताऱ्यापर्यंत उतरत आली होती. कब्जेदाराच्या रकान्यात आधी दोन मुलांची नावे आणि ‘अ. पा. क. आई’, पुढे फक्त थोरल्याचे, म्हणजे तात्यांच्या वडिलांचे नाव आणि ‘ए. कु. मॅ.’

तात्यांच्या मुलाने विचारले, “वकीलताई, हे एकुम्या कोण? आमच्या घराण्यात असं नाव कोणाचं नाही.”

त्याचे हसू यावे असे यात काही नाही. शिकलेल्या माणसांनीही मला हे विचारले आहे. ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान मुलांच्या वतीने वहिवाट पाहणारा. तलाठ्याने जागा वाचवायला लिहिलेली ही अक्षरे आहेत आणि त्यांच्यामागे कोणाचा हिस्सा आहे, कोणाचा नाही, हे सगळे उभे असते. या ए. कु. मॅ.कडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

सर्च रिपोर्टचे म्हणणे

समोरच्या वकिलांनी काम मनापासून केले होते, हे आधी सांगते. त्यांनी जुने फेरफार काढले, कबुलायतीची नक्कल मिळवली. त्यांचा हिशेब सरळ होता. १९३५ ला जमीन खरेदी दिली. पाच वर्षांत पैसे परत केल्याचे कुठे दिसत नाही. म्हणजे मुदत सरताच खरेदी कायम झाली आणि सावकार मालक झाला. कबुलायतीत आजोबांना, पुढे आजीला, ‘कूळ’ म्हटले आहे. म्हणजे घरचे लोक सावकाराच्या जमिनीवरचे कूळ. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ कायद्याने कुळे मालक झाली, पण त्यासाठी कलम ३२ ग खाली किंमत ठरायला हवी, खरेदी पुरी झाल्याचे ३२ म चे प्रमाणपत्र हवे, आणि ते मिळाले तरी परवानगीशिवाय न विकण्याची कलम ४३ ची अट राहते. यातले एकही कागदपत्र नाही. तेव्हा व्यवहार करू नये.

यातली मेख अशी की ‘कूळ’ ठरणे कोणालाही फायद्याचे वाटेल. कूळ म्हणजे कसणारा, म्हणजे कायदा त्याच्या बाजूचा. पण ज्याची जमीन मुळात स्वतःची होती, त्याला कूळ म्हटले की त्याचीच जमीन त्याच्या हातात नियंत्रित होऊन येते. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट बरीच सैल झाली. ३२ म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या ठरलेल्या साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारला भरून विकता येते. पण इथे प्रमाणपत्रच नव्हते. ते आज मिळवायचे म्हणजे शेतजमीन न्यायाधिकरणापुढे नव्याने उभे राहायचे. गिऱ्हाईक तोवर थांबणार नव्हते आणि सोसायटीचे व्याजही.

मुदत खरेदी म्हणजे खरेदी का?

‘मुदत खरेदी’ या दोन शब्दांत ‘खरेदी’ मोठ्याने ऐकू येते, म्हणून फसायला होते. खेड्यात अजूनही म्हणतात, “मुदत गेली, जमीन गेली.” सावकाराला तसेच हवे असायचे आणि कागदही तसाच लिहिला जायचा: ‘मुदतीत रुपये न दिल्यास हेच कायम खरेदीखत समजावे.’

पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५८ (क) अशा व्यवहाराला गहाणाच्या प्रकारांत बसवते. दिसायला विक्री, आत गहाण. १९२९ मध्ये त्याला पुस्ती जोडली गेली की परत देण्याची अट त्याच दस्तात असली पाहिजे, तरच ते गहाण. हा कागद १९३५ चा, म्हणजे त्या पुस्तीनंतरचा, आणि अट याच कागदात सहाव्या ओळीत आहे. अट वेगळ्या चिठ्ठीवर असती तर मला इतक्या निर्धास्तपणे बोलता आले नसते.

नुसती अट असून भागत नाही. व्यवहार करताना दोघांच्या मनात काय होते ते कोर्ट पाहते, आणि मन दिसते ते वागण्यातून. साडेतीन एकर काळी जमीन ९९ रुपयांना कोणी कायमची देईल? त्या मंदीच्या दिवसांतही मला तसे वाटत नाही. ताबा सोडला नाही. सारा कोण भरत होता? पावत्या आजोबांच्या नावाच्या. आणि खंड पाहा: दरसाल १२ रुपये. दरमहा दरशेकडा एक रुपया या दराने ९९ रुपयांचे वर्षाचे व्याज ११ रुपये ८८ पैसे होते. जमीन किती पिकते याच्याशी या खंडाचा काही संबंध नव्हता. ते व्याजच होते, फक्त नाव खंडाचे.

९९ या आकड्याबद्दलही सांगायला हवे, कारण जुन्या दस्तांत तो फार दिसतो. शंभर रुपयांच्या आतल्या व्यवहाराला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून शंभराला एक कमी. या सावकाराने तरीही दस्त नोंदवून घेतला होता. तो जाणता असावा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम ५९ प्रमाणे शंभराच्या आतले असे गहाण एकतर नोंदवून होते, नाहीतर जमिनीचा ताबा देऊन. ताबा त्याने घेतला नव्हता, म्हणून त्याने नोंदणीचा खर्च केला. ९९ चा आकडा पुढे आमच्याच कामी आला.

आणि गहाण असेल तर मुदत सरली म्हणून जमीन आपोआप सावकाराची होत नाही. त्याला कोर्टात जाऊन गहाण सोडवण्याचा हक्क संपवणारा हुकूमनामा आणावा लागतो. तसा हुकूमनामा कुठेही नव्हता.

कूळ

आज कूळ म्हटले की १९४८ चा कूळ कायदा आठवतो. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, बस. कबुलायत मात्र १९३५ ची आहे. सावकाराच्या वह्यांत ‘कूळ’ हा शब्द ऋणकोलाही होता. कोणाकडून येणे आहे ते कूळ. ‘कुळाकडे बाकी’, ‘कूळ बुडाले’ हे सावकारी बोलणे होते आणि त्यात नांगराचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. शिवाय त्याच शब्दाचा घराणे हा अर्थ आहेच. कुळाचार, कुळकथा आपण रोज म्हणतो. एका शब्दात घराणे, देणेकरी आणि शेत कसणारा असे तिघे राहतात, आणि त्यांतला कोणता बोलतो आहे हे भोवतालची वाक्ये सांगतात.

कबुलायतीतले वाक्य असे होते: ‘कूळ इसम मजकूर याणे मुदत खरेदीचे रुपयांबाबत खंड सालाबाद द्यावा.’ ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला. आज आपण मजकूर म्हणजे लिहिलेला भाग म्हणतो. दस्तात तो ‘सदरहू’चा भाऊ आहे. खंड जमिनीबाबत द्यावा असे लिहिलेले नाही, रुपयांबाबत द्यावा असे आहे. हे वाक्य मी समोरच्या वकिलांना फोनवर वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मुद्दा आहे. पण पैसे फिटल्याचा कागद कुठाय? गहाण म्हटलं तरी फिटलेलं दिसत नाही, आणि इतर हक्कात नाव बसलेलं आहे.”

त्यांचे बरोबर होते. कूळ कायद्याचे भूत उतरले तरी सावकाराचे नाव उताऱ्यावर होतेच. महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. उलट सिद्ध करणारे काही आमच्याकडे नव्हते.

दाखवण्यासारखा नसलेला कागद

दुसऱ्या भेटीत मी विचारले, घरात आणखी काही असेल तर आणा, कितीही फाटके असो. तात्या म्हणाले, काही नाही. मुलगाही म्हणाला, सगळे आणले. निघताना सूनबाई दारात थांबल्या. तात्या जिना उतरेपर्यंत वाट पाहिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, ट्रंकेच्या तळाला एक कागद आहे. पण सासूबाईंनी सांगून ठेवलंय, तो कोणाला दाखवायचा नाही. दाखवण्यासारखा नाहीये तो.”

पुढच्या वेळी तो आला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. मोडीत लिहिलेला, चार घड्यांचा, खाली सहाव्या जॉर्जचे एक आण्याचे तिकीट आणि त्यावरून गेलेली सही. त्याच्या आतच १९३५ च्या मूळ मुदत खरेदीचा कागद होता, वरचा कोपरा फाडलेला. पिशवीत आधी आली होती ती नुसती नक्कल.

घरात त्याची गोष्ट अशी होती. साठ-पासष्टच्या सुमाराला गावात मोडी येणारे एक मास्तर होते. तात्यांच्या आईने ट्रंक आवरताना तो कागद त्यांना दाखवला. मास्तरांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या: ‘फारखत... बाई कोम... यांसी लिहून दिली.’ देणाऱ्याचे नाव सावकाराचे. मास्तरांनी कागद मिटला आणि म्हणाले, बाई, हा ठेवून द्या. तात्या तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, ओसरीवर बसलेले. सावकाराने आपल्या आजीला फारकत दिली, म्हणजे आजी कोण होती, हे त्यांनी मनात मांडले आणि पुढे साठ वर्षे कोणाशी बोलले नाहीत. आजीच्या श्राद्धाला बसताना काय वाटायचे, ते त्यांनी मला नंतर सांगितले. ते इथे लिहीत नाही.

मास्तरांना दोष देता येत नाही. फारकत म्हणजे नवराबायकोची सोडचिठ्ठी, हा अर्थ त्यांच्या कानात पक्का होता आणि आजही तोच आहे. पक्ष युतीतून बाहेर पडला तरी वर्तमानपत्र ‘फारकत’ म्हणते. जुन्या काळी जातीपातींत काडीमोड लिहून होई त्या कागदालाही फारखत म्हणतच असत. पण तो शब्दाचा एक पदर झाला. ‘फारिग’ म्हणजे मोकळा, आणि ‘खत’ म्हणजे लिहिलेला कागद. मोकळे केल्याचा कागद. १८५५ साली विल्सनने महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा जो मोठा कोश काढला, त्यात हा शब्द देणे-घेणे मिटल्याचा, हक्क सोडल्याचा लेख म्हणूनच आहे. बायको मोकळी केली तरी फारखत, भागीदार मोकळा केला तरी फारखत, कर्जदार मोकळा केला तरी फारखत.

आणि ‘कोम’. मास्तरांनी तो शब्द वाचला, पण त्याच्यावर थांबले नाहीत. पुरुषाच्या नावानंतर ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावानंतर ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आजीच्या नावापुढे कोम आणि त्यापुढे आजोबांचे नाव होते. कागद तिला नवऱ्याच्या नावाने ओळखत होता. नुसती ती पहिली ओळ नीट पुरी केली असती तरी साठ वर्षांची गाठ सुटली असती.

वाचन

मला मोडी अडखळत येते. एवढ्या नाजूक कागदावर माझा भरवसा मी टाकला नसता. पंचवटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत, दप्तरे वाचण्यात हयात गेलेले. त्या काकांना ऑफिसात बोलावले. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरे लटकवत जातात. शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याच्या अर्थावर ठरते. काकांनी कागद खिडकीशी धरला, बोट न लावता पेन्सिलीच्या टोकाने ओळ धरली आणि सावकाश वाचू लागले. तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

‘फारखत शके १८६२ फाल्गुन... बाई कोम... यांसी लिहून दिली ऐसी जे. तुमचे भ्रतार यांणी मौजे मजकूरची जमीन आम्हांस मुदत खरेदी दिली होती. त्याचे रुपये ९९ व आजतागायत खंडाची बाकी तुम्ही अज्ञान मुलांकरिता भरली ती भरून पावलो. जमीन तुमची तुम्हांस सोडून दिली असे. मुदत खरेदीचा कागद फाडून माघारा दिला. आमचा अगर आमचे वंशजांचा काही उजूर राहिला नाही.’

काका ‘सोडून दिली’पाशी पोचले तेव्हा तात्या वळले. “सोडली म्हणजे कोणाला?”

“जमीन, तात्या,” मी म्हणाले. “आजींनी जमीन सोडवली.”

त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मग आणखी एकदा. चहा आला तो तसाच निवला.

‘पावलो’ म्हणजे मिळाले, पोचले. ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. ‘उजूर’ म्हणजे हरकत, तक्रार. खत फिटले की ते फाडून परत करायचे, म्हणून मूळ कागदाचा कोपरा गेलेला. पैसे तिने कुठून उभे केले हे कागदात नाही आणि घरात आता कोणाला माहीत नाही. दोन लहान मुले पदरात घेऊन, लिहिता न येणारी बाई मुद्दल आणि बाकी घेऊन सावकाराच्या दारात गेली आणि कागद फाडून घेऊन आली, एवढे मात्र त्यात स्वच्छ आहे.

तारखेकडे माझे लक्ष नंतर गेले. शके १८६२ मध्ये ७८ मिळवले तर १९४० येते. पण फाल्गुन म्हणजे इसवी सन बदलल्यानंतरचा महिना, तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे मार्च १९४१. मुदत संपली होती मार्गशीर्ष १८६२ ला, डिसेंबर १९४० मध्ये. पैसे तीन महिने उशिरा पोचले होते! घाईने ७८ मिळवून सारे मुदतीत बसवले असते तर समोरच्याने ती चूक दाखवली असती आणि माझ्या बाकीच्या म्हणण्याचा भरवसा गेला असता. आणि नीट पाहिले तर हा उशीर आमच्या विरुद्ध जात नाही, बाजूने जातो. मुदत सरताच खरेदी कायम झाली असे स्वतः सावकाराला वाटत असते, तर मार्चमध्ये त्याने पैसे घेऊन ‘जमीन तुमची’ असे का लिहिले असते? ते गहाण होते हे त्यानेच मानले होते.

कायद्यात जुन्या शब्दांना जागा आहे

नोंदणी नसलेला हा कागद चालेल का, हा पहिला प्रश्न. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे स्थावरातला शंभर आणि त्यावरचा हक्क संपवणारा दस्त नोंदवावा लागतो. गहाण होते ९९ चे. एका रुपयाने वाचलो.

दुसरा प्रश्न, लिहिणारा-सही करणारा कोणी हयात नसताना कागद खरा कशावरून. तीस वर्षांहून जुना कागद जिथे असायला हवा तिथूनच आला असेल, तर सही-लेखन खरे असल्याचे कोर्टाला गृहीत धरता येते. पुरावा कायदा, १८७२ मध्ये हे कलम ९० होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९२. कर्ज फेडणाऱ्या बाईच्या ट्रंकेहून योग्य जागा कोणती?

तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते. जुन्या कायद्याचे कलम ९८, आताचे १०१, सांगते की सहज न वाचता येणारी अक्षरे, परकी, लोपलेले, तांत्रिक, स्थानिक शब्द, संक्षेप यांचा अर्थ दाखवायला पुरावा देता येतो. कलम ४९, आताचे ४३, सांगते की एखाद्या भागात किंवा एखाद्या वर्गाच्या लोकांत चालणाऱ्या शब्दांच्या अर्थाबद्दल जाणकाराचे मत ग्राह्य आहे. ‘फारखत’, ‘कोम’, ‘कूळ’, ‘ए. कु. मॅ.’ हे सगळे या दोन कलमांत मावतात. शब्दाचा अर्थ वकिलाने आपल्या कानाने ठरवायचा नाही, तो सिद्ध करायचा. आम्ही काकांचे देवनागरी लिप्यंतर प्रतिज्ञापत्रासह जोडले आणि शब्दांचे अर्थ वेगळ्या टिपणात दिले.

पुढे

समोरच्या वकिलांनी टिपण वाचून लेखी कळवले की कूळ आणि मालकी यांबाबतचा आक्षेप ते मागे घेतात. इतर हक्कातली नोंद मात्र कमी झाली पाहिजे. त्यासाठी सावकाराचे वारस शोधले. नातू नाशकातच राहतात. त्यांच्याकडच्या जुन्या वह्या कधीच रद्दीत गेल्या होत्या, पण आजोबांची सही त्यांनी पाहताक्षणी ओळखली आणि लिहून द्यायला तयार झाले.

मसुद्याला त्यांच्या ओळखीच्या दस्तलेखकाने ‘हक्कसोडपत्र’ असे शीर्षक टाकून आणले होते. मी ते बदलायला लावले. हक्क सोडतो म्हटले की आजपर्यंत हक्क होता असे होते, आणि १९४१ नंतर त्यांचा हक्कच नव्हता. शीर्षक केले ‘कबुलीपत्र’, आणि आत लिहिले की आमच्या आजोबांनी फाल्गुन शके १८६२ ला फारखत लिहून दिली ती आम्हांस कबूल आहे. नातवांपैकी एकाने विचारले, “एवढ्याशा शब्दाने काय होतं?” तात्यांच्या सूनबाई तिथेच होत्या. त्या फक्त माझ्याकडे पाहून किंचित हसल्या.

फेरफाराचा अर्ज झाला, नोटिसा निघाल्या, मुदतीत कोणाची हरकत आली नाही आणि मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. आता उताऱ्यावर सावकाराच्या नावाला कंस आहे, म्हणजे ती नोंद कमी झाली.

फारखत मुलगा लॅमिनेट करून फ्रेममध्ये लावणार होता. मी अडवले. लॅमिनेशनच्या उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही जातात, आणि उद्या कोर्टाने मूळ कागद तपासायला मागितला तर प्लास्टिकखालून काढता येत नाही. फोटो मोठा करून लावला आहे. मूळ कागद घड्या उलगडून, आम्लविरहित कागदात, सपाट फाइलमध्ये आहे.

व्यवहार अजून झालेला नाही, आणि त्याचे कारण ए. कु. मॅ. आहे. तात्यांचे वडील कब्जेदार होते ते कुटुंबाचे मॅनेजर म्हणून; धाकट्या भावाचा हिस्सा त्या तीन अक्षरांआड तसाच होता. धाकट्याला मुलगा नव्हता, दोन मुली. त्या तात्यांच्या चुलत बहिणी, आणि त्यांना कोणी आजवर सहीला बोलावले नव्हते. तात्यांनी स्वतः फोन केला. एक बहीण नाशिकरोडला असते, तिने सही केली. दुसरी सिन्नरला. ती म्हणाली, सही करीन, हिश्श्याचे पुढे बघू, पण आधी तो आजीचा कागद मला वाचून दाखवायचा. शनिवारी काकांना घेऊन तिच्याकडे जायचे ठरले आहे.